उधळलेली गुणवत्ता की निवडलेली वाट? डेनम एलियट यांच्या कारकिर्दीविषयी टोपणनावांनी झालेली पत्रचर्चा

नेपथ्य :
इंग्रज अभिनेते डेनम एलियट (१९२२–१९९२) यांचे नाव निघाले की 'नायक नसूनही लक्षात राहणारा नट' म्हणून त्यांचे कौतुक होते. माझे मत वेगळे आहे. ही कारकीर्द मला अर्ध्यावर सोडून दिलेली वाटते. १९४२ मध्ये त्यांचे बॉम्बफेकी विमान पाडले गेले आणि उरलेले युद्ध त्यांनी सिलेशियातील जर्मन छावणीत युद्धकैदी म्हणून काढले. तेथे कैद्यांनी बसवलेल्या नाटकांत त्यांनी कामे केली. १९५० मध्ये ते थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासमोर 'व्हीनस ऑब्झर्व्ड' या नाटकात उभे राहिले, आणि १९६० मध्ये दिग्दर्शक पीटर हॉल यांच्या स्ट्रॅटफर्डच्या नाट्यहंगामात त्यांनी शेक्सपिअरचे ट्रॉयलस आणि बॅसानिओ साकारले. ज्या नटाला ट्रॉयलस पेलतो, तो पुढची तीस वर्षे बटलर, दारुडे पत्रकार आणि पडेल सरदार करत राहतो, मिळेल ते काम घेतो आणि रंगभूमी मागे पडू देतो, याला मी यश म्हणू शकत नाही.

तिसरी घंटा :
भूमिकेची लांबी हे तिचे मोल ठरवण्याचे माप असेल, तर आपले म्हणणे मान्य करावे लागेल. पण 'आल्फी' (१९६६) आठवून पाहा. बेकायदा गर्भपात करणाऱ्या माणसाचे ते काम मोजक्या मिनिटांचे आहे. ब्रिटनमध्ये गर्भपाताला सशर्त परवानगी देणारा कायदा १९६७ चा, म्हणजे चित्रपट आला तेव्हा हा गुन्हाच होता. एलियट आधी एखाद्या कचेरीतील कारकुनासारखे हे कृत्य किती गंभीर आहे ते सांगतात आणि मग पैशांचा विषय काढतात. या माणसाला आपल्या धंद्याची लाज वाटते की सवय झाली आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि न कळण्यातच त्या दृश्याची भीती आहे. मायकेल केन यांच्यासारखा नायक समोर असताना प्रेक्षकाची नजर त्या थकलेल्या चेहऱ्यावर खिळते, हे 'मिळेल ते काम' करणाऱ्याच्या हातून घडत नाही.

वाचकमात्र :
तिसरी घंटा यांच्याशी सहमत आहे आणि एक भर घालतो. सहायक अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार एलियट यांना सलग तीन वर्षांच्या कामांसाठी मिळाला : 'ट्रेडिंग प्लेसेस' (१९८३), 'अ प्रायव्हेट फंक्शन' (१९८४) आणि 'डिफेन्स ऑफ द रेल्म' (१९८५). पहिल्यात बटलर, दुसऱ्यात १९४७ च्या रेशनच्या काळात चोरून वाढवलेल्या डुकरावर डोळा ठेवणारा तोऱ्यातला डॉक्टर, तिसऱ्यात दारूत बुडालेला पण बातमीचा वास अचूक घेणारा जुना वार्ताहर. तिघेही इंग्रज आणि तिघेही 'दुय्यम', परंतु एकाच्या उभे राहण्यात दुसऱ्याचा मागमूस नाही. मुले, कुत्री आणि डेनम एलियट यांच्याबरोबर कधी काम करू नये, असे तिसऱ्या चित्रपटाचे नायक गेब्रिएल बर्न म्हणाल्याचे सांगतात. नायकांना धास्ती वाटावी असा नट वाया गेला, असे कसे म्हणता येईल?

नेपथ्य :
पुरस्कारांचा मुद्दा मी नाकारत नाही, पण तो माझ्याच बाजूने वापरता येतो. 'अ रूम विथ अ व्ह्यू'मधील वृद्ध एमर्सन यांच्यासाठी एलियट यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र गेला मायकेल केन यांच्याकडे, म्हणजे 'आल्फी'च्याच नायकाकडे, आणि तोही सहायक अभिनेत्याचा! केन नायकपदावरून सहायक भूमिकेत येऊ शकले. एलियट यांना उलटा प्रवास जवळपास कधीच करू दिला गेला नाही. एमर्सन यांची हताश माया पाहताना मला सारखे वाटत राहिले, की हा माणूस सबंध चित्रपट खांद्यावर घेऊ शकला असता.

तिसरी घंटा :
'करू दिला गेला नाही' आणि 'सोडून दिला' ही दोन वेगळी विधाने आहेत, नेपथ्य. पहिल्या पत्रात आपण दोष नटाला दिला होता, आता तो चित्रव्यवसायाला देत आहात. यातले कोणते विधान आपले, ते ठरवावे.

सांजवारा :
मी नेपथ्य यांच्या बाजूने एक उदाहरण देतो, कारण या चर्चेत ते यायलाच हवे. इंडियाना जोन्स चित्रपटमालिकेतील 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधले संग्रहालयाचे प्रमुख मार्कस ब्रोडी आठवा. नायक ज्याच्या शोधात आहे त्या बायबलमधील कराराच्या कोशाविषयी (आर्क) बोलताना त्यांच्या आवाजात विद्वानाची उत्सुकता आहे आणि त्याखाली खरी धास्ती आहे. तोच माणूस त्याच मालिकेतील 'द लास्ट क्रुसेड' (१९८९) मध्ये चेष्टेचा विषय होतो. तो गर्दीत सहज मिसळून जाईल, असे नायक छातीठोकपणे सांगतो, आणि पुढच्याच क्षणी ब्रोडी इस्कंदरून शहराच्या बाजारात टोपी घालून इंग्रजी जाणणारा कोणी भेटेल का ते शोधताना दिसतो. पहिल्या चित्रपटातील माणूस लेखकांनी मोडीत काढला आणि एलियट यांनी ते निमूटपणे करून दिले.

वाचकमात्र :
निमूटपणे नव्हे. तो विनोद चालतो, याचे कारण ते वेडेपणाचा एकही हावभाव करत नाहीत. बाजारात हरवलेला ब्रोडी शेवटपर्यंत सभ्यच राहतो. आपण हरवलो आहोत, हे फक्त त्याच्या लक्षात आलेले नाही. हलक्या लेखनात असे काम करणे ट्रॉयलसपेक्षा सोपे असते, हे मला पटत नाही. शिवाय १९८७ मध्ये एचआयव्हीचे निदान झाल्यानंतरही ते काम करतच राहिले. १९९२ च्या 'नॉइजेस ऑफ'मध्ये त्यांनी प्रवेशाची वेळ हमखास चुकवणारा, दारूची बाटली शोधत फिरणारा म्हातारा रंगनट केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या इबिझा बेटावर त्यांचे निधन झाले.

नेपथ्य :
तिसरी घंटा यांचा आक्षेप रास्त आहे. 'सोडून दिलेली' हा शब्द मी मागे घेतो. दोष भूमिका वाटणाऱ्यांचा अधिक होता. 'आल्फी'मधील दृश्य काल रात्री पुन्हा पाहिले आणि त्याबाबतही हार मानतो. ब्रोडीच्या बाबतीत मात्र मी सांजवारा यांच्याच बाजूला आहे. बाजारातले ते दृश्य मला आजही हसवत नाही.