आयर्विन पूल : तुमचे अनुभव, घरच्या आठवणी इथे लिहा

मंडळी, पावसाळ्यात सांगलीकर सांगलीकराला भेटला की ख्यालीखुशालीच्या आधी विचारतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. उत्तर फुटात येतं आणि ते ऐकून माणूस ठरवतो, सामान माळ्यावर टाकायचं की अजून एक रात्र थांबायचं. नदीवर पूल बऱ्याच गावांना आहेत. पण पुलाच्या आकड्यावर अख्ख्या गावाची झोप अवलंबून असावी, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पूल १९२९ चा. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत बांधलेला, आणि तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला. त्याआधी सांगलीहून पलीकडच्या काठावरच्या सांगलवाडीला नावेतूनच जायचं. आता शेजारी समांतर पूल आला आहे आणि वाहतुकीचा भार जुन्यावरून उतरतो आहे. म्हणूनच वाटतं, ज्यांचं या पुलाशी नातं आहे त्यांनी ते आत्ता लिहून ठेवावं. थोडं लिहा, बोलता तसं लिहा, पण स्वतःचं लिहा.

सांगलवाडीचा

आमचं रान नदीच्या आल्याड, बाजार पल्याड. आजी सांगायची, तिच्या सासूला भाजीची पाटी घेऊन नावंत बसावं लागायचं आणि नदी फुगली की नावाडी नाव काढायचाच न्हाई. वांगी झाडावरच पिकून पिवळी व्हायची. पूल झाला आणि पावसाळ्यातबी बाजार गाठता यायला लागला. मी स्वतः पहाटे दुधाच्या किटल्या सायकलला लावून ह्याच पुलावरनं ये-जा करत शिकलो, सवरलो. चढाला उतरून सायकल ढकलायची, मधोमध आलं की गार वारं लागायचं. म्हाताऱ्या माणसांनी कठड्याला टेकून दम खायचा. पाण्याच्या दिवसांत होड्यांच्या शर्यती व्हायच्या तवा सगळा पूल माणसांनी भरायचा. आमच्या वाडीची होडी, दिग्रजची, कवठेपिरानची, समडोळीची. वरनं बघणाऱ्याला सगळी वल्ही एकदम पाण्यात बुडताना दिसतात. ते काठावरनं तसं दिसत न्हाई.

गावभागातली सून

माझं माहेर सांगलवाडी, सासर सांगलीतला गावभाग. मध्ये फक्त पूल. वर्षभर वाटेल तेव्हा चालत जायचं, त्यामुळे माहेर लांब आहे असं कधी वाटलंच नाही. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. बांगड्या भरून झाल्या होत्या, पुरणाची डाळ निवडून ठेवली होती. धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, येऊ नको, पाणी रस्त्याला लागलंय." पुढच्या दिवसांत आयर्विनचा आकडा ५७ फुटांच्या वर गेला. पुलाकडे जाणारे रस्तेच पाण्यात. आईकडे औषधं होती का, गुरं कुठे बांधली, काही कळेना, फोनची चार्जिंग संपत आलेली. आम्हीसुद्धा वरच्या मजल्यावर अडकलो होतो. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा समजलं की पूल नव्हता तेव्हाच्या बायका सणाला कशा जात असतील, किंवा कशा राहत असतील. पाणी ओसरल्यावर गेले तेव्हा आईच्या घरात चुलीपर्यंत गाळ होता. तो आम्ही खराट्याने नाही, फावड्याने काढला.

पाटबंधारेतला निवृत्त माणूस

ताईंचं वाचून हात थरथरला. आकडा कसा येतो ते थोडं सांगतो, कारण पुराच्या दिवसांत मोबाईलवर वाटेल ते आकडे फिरतात आणि लोक घाबरतात. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या असतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. रात्री बॅटरी मारून वाचताना पाणी स्थिर नसतं. लाट खांबावर चढते आणि उतरते, वरचा आकडाही खरा नाही आणि खालचाही नाही, मधला धरायचा. दोन-तीनदा बघायचं, मगच नोंद करायची. पूर गेल्यावर खुणांवर गाळाचा थर बसतो, तो घासून पुन्हा रंग द्यायचा.

आणि नुसता कोयनेचा विसर्ग ऐकून अंदाज बांधू नका. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, मग खाली सांगलीकडे. पण सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून आल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला जागा राहत नाही, ते आयर्विनपाशी तुंबतं. वर पाऊस थांबूनही इथे पाणी चढताना मी पाहिलं आहे. लोक तेव्हा आमच्यावर चिडायचे, "पाऊस नाही तर पाणी कसं वाढतंय?" उत्तर हरिपूरच्या संगमावर असायचं.

हरिपूरचा हळदवाला

काका म्हणतात ते शंभर टक्के. आमच्या गावात हळदीची पेवं. जमिनीत खोल, तोंड अरुंद, पोट मोठं. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, कीड नाही की ओल नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आधी हवा खेळू देतात. २००५ ला आयर्विन ५० च्या पुढे गेला आणि पेवात पाणी उतरलं. ओली हळद फुगते, मग कुजते, आणि तिचा जो वास येतो तो हळदीचा राहत नाही. त्या पुरानंतर बरीच पेवं कायमची बंद झाली. आता माल गोदामात, शीतगृहात. माझे वडील मात्र अजून जुलै लागला की रोज सकाळी मला पुलाचा आकडा विचारतात.

इतिहासाचे सर

एक छोटी भर. पूल खुला झाला त्याच वर्षाच्या अखेरीस लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. १९३१ चा गांधी-आयर्विन करार शिकवताना वर्गात हमखास कोणीतरी उठतं, "सर, आपल्या पुलाचेच का हे?" पुढचा तास मुलं मन लावून ऐकतात. पाठ्यपुस्तकातला माणूस त्यांच्या शाळेच्या वाटेवर भेटलेला असतो.

पोहणारा

लहानपणी पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकलो, मोठेपणी पुलावरून मुटका मारला, म्हणजे अंग गोळा करून उडी. तेव्हा आमच्यात तो मान होता. पण पोरांनो, पुराच्या पाण्यात मारू नका. वरून सपाट दिसणारं पाणी खांबाला आदळून खाली भोवरा करतं, आणि त्यात वाहत आलेली झाडं असतात. माझ्या बरोबरीचा एक जण त्यात गेला. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

गवंडीकाम करणारा

सगळे जुनं सांगताय, मी पुढचं सांगतो. दगडी पुलाला गाड्यांपेक्षा पिंपळ जास्त मारतो. सांध्यात बी पडतं, मूळ आत शिरतं, दगड सरकतो. नुसती फांदी छाटून उपयोग नाही, मूळ मारून सांधा परत भरावा लागतो, आणि ते उन्हाळ्यातच जमतं, पाणी तळाला असताना. नवा पूल झाला म्हणून जुन्याकडं दुर्लक्ष झालं तर पाच-दहा पावसाळ्यांत फरक दिसेल. धागा काढणाऱ्या दादांना विनंती, इथले अनुभव एकत्र करून महापालिकेला आणि बांधकाम खात्याला अर्ज द्या. दर उन्हाळ्यात सांधे तपासा, खुणा रंगवा, एवढंच मागा. सहीला मी येतो, माझी माणसंबी आणतो.