मदत हवी आहे: कामिलुसने गॉलांना खरंच हुसकावलं का?

मंडळी, प्राचीन रोमचा सेनापती कामिलुस याच्याबद्दल गोंधळ झालाय. पाच वेळा डिक्टेटर (संकटकाळी नेमलेला सर्वाधिकारी), इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई हे रोमशेजारचं शत्रूचं शहर जिंकलं, चार पांढऱ्या घोड्यांच्या रथातून देवासारखा मिरवला म्हणून लोक बिथरले, पुढे लुटीवरून हद्दपारी. इथवर ठीक.

नंतर उत्तरेकडच्या गॉल टोळ्यांनी रोम घेतलं. रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो, गॉलांना खंडणीचं सोनं तोलून देणं चालू होतं, त्यांचा म्होरक्या ब्रेन्नुसने तराजूत तलवारही टाकली, आणि ऐन वेळी कामिलुस फौजेसह हजर! (अगदी सिनेमातली एन्ट्री.) शतकभर आधीचा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस मात्र सांगतो की वेनेती लोकांनी गॉलांच्याच मुलखावर स्वारी केली, म्हणून गॉल तह करून सुखरूप घरी गेले. कामिलुसचं नावही नाही. मला तर नंतरच्यांनी नामुष्कीवर पांघरूण घातल्यासारखं वाटतं. अभ्यासक कोणाचं खरं मानतात? जाणकारांनी सांगावं, वाचायला काही सुचवलंत तर उत्तमच.