खाडा कापतच नाहीत, तिथे खरी गोम आहे

होस्टेलच्या मेसबद्दल "कंत्राटदार बदला, जेवण आपोआप सुधारेल" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या होस्टेलला तीन वर्षांत तीन कंत्राटदार आले, वरण तिन्ही वेळा तेवढंच पातळ. सर्वांत कमी दराच्या निविदेलाच काम द्यायचं म्हटल्यावर कात्री तुरीच्या डाळीलाच लागणार. त्यात अट अशी की सलग चार दिवस गैरहजर असाल तरच खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे, बिलातून कापणार. शनिवार-रविवार वर्ध्याला घरी जाणारी पोरं न खाल्लेल्या ताटांचे पैसे भरत, अन् कंत्राटदाराचा नफा तिथेच निघत असे. शिवाय कर वेगळाच: जानेवारी २०१८ च्या सरकारी खुलाशानुसार संस्थेने स्वतः मेस चालवली तर विद्यार्थ्यांच्या जेवणावर जीएसटी नाही, बाहेरच्या कंत्राटदाराला दिली की ५ टक्के. हे निविदा काढताना कोणी बोलत नाही.

शेवटी आम्ही अठरा जणांनी भागीची मेस काढली. स्वयंपाकाला एक मावशी, आणि आळीपाळीने दोघं पहाटे भाजी आणायला कॉटन मार्केटला. वांगी-टमाटरच्या थैल्या सायकलच्या हँडलला दोन्हीकडे लटकवून आणायच्या. वहीत प्रत्येक ताटाची रेघ, पाहुणा आला तर लाल पेनाने. महिनाअखेर एकूण खर्च भागिले ताटं. ना खाड्याचं भांडण, ना डिपॉझिट. परीक्षा जवळ आली की मात्र बाजारात जायला कोणी उठत नसे. मग आठ-आठ दिवस नुसती खिचडी, अन् मावशीची बोलणी.