नाचणी-गुळाच्या कुकीज मोडतात. शिवाय मधुमेहात त्या किती चालतील?

प्रश्न:
नमस्कार. गेल्या वर्षी वडिलांना मधुमेहाचे निदान झाल्यापासून त्यांच्या दुपारच्या चहाबरोबरची मैद्याची बिस्किटे बंद करून मी घरीच कुकीज करू लागले. दोन वाट्या नाचणीचे पीठ, एक वाटी किसलेला गूळ, पाऊण वाटी तूप, दोन चमचे अख्खे जवस आणि पाव चमचा खायचा सोडा असे माझे प्रमाण आहे. ओव्हनमध्ये १८० अंशांवर पंधरा मिनिटे ठेवल्यावर वास छान सुटतो, पण ट्रेमधून उचलताच कुकीचा हातात भुगा होतो आणि खाताना पीठ कच्चट लागते. साखर नाही म्हणून वडील चार-पाच सहज खातात. ते योग्य आहे ना?

प्रतिसाद १:
नाचणीत ग्लुटेन (गव्हातले चिकटपणा देणारे प्रथिन) नसल्यामुळे नुसत्या तिच्या पिठाला बांधणी येत नाही, म्हणून दोन वाट्यांपैकी पाऊण वाटी कणीक घ्यावी. नाचणीचे पीठ मंद आचेवर सात-आठ मिनिटे कोरडेच परतून पूर्ण गार केले, की कच्चटपणा जातो. गूळ चाळून तुपात हलका होईपर्यंत फेटावा, दोन-तीन चमचे दूध घालून गोळा करावा आणि वीस मिनिटे झाकून ठेवावा, कारण हे पीठ ओलावा सावकाश शोषते. महत्त्वाचे म्हणजे गरम कुकीला हात लावू नये. आमची आजी बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू देत नसे, कारण तूप आळल्यावरच ती घट्ट होते.

प्रतिसाद २:
जवस अख्खे घालण्यात फारसा अर्थ नाही. साल टणक असल्याने न चावलेले दाणे तसेच बाहेर पडतात आणि ज्या ओमेगा-३ या उपयुक्त स्निग्धाम्लासाठी आपण ते घालतो, ते मिळतच नाही. एक चमचा ताजी पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली, तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत लगदा तयार होतो आणि तोच कुकी बांधून ठेवतो. पूड मात्र लागेल तेवढीच करावी, ती लवकर खवट होते.

प्रतिसाद ३:
ताई, गुळाबद्दलचा समज कृपया आजच दूर करा. गूळ हीसुद्धा मुख्यतः साखरच आहे आणि त्यातल्या लोहाचे प्रमाण इतके थोडे असते, की त्यासाठी मधुमेहींनी तो खावा असे नाही. वाटीभर गूळ साधारण दीडशे ग्रॅम धरला आणि चोवीस कुकीज झाल्या, तर पाच कुकीजमधून तीस ग्रॅम गूळ, म्हणजे जवळजवळ सहा-सात चमचे साखर पोटात जाते. नाचणी चांगलीच आहे, शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण तिच्यातही पिष्ट भरपूर आहे आणि तिनेही रक्तातील साखर वाढते. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली होती आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर आकडा पाहिला, तेव्हा लक्षात आले. गूळ निम्मा करून भाजलेल्या तिळाचा कूट घाला, कुकी लहान वळा, आणि किती द्याव्यात हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी अर्धी वाटी गूळ, पाऊण वाटी कणीक आणि जवसाचा लगदा घेऊन केल्या. चहात बुडवूनही कुकी अखंड राहिली. डॉक्टरांनी एकच सांगितली आहे, त्यामुळे डबा आता वरच्या फळीवर ठेवला आहे.