‘समाचार घेणे’ : विचारपूस की खरडपट्टी?

प्रश्न (वेंगुर्ले) :
रविवारच्या उपासनेत बायबलमधील याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे 27 वे वचन वाचले गेले. अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात ‘समाचार घेणे’ हे देवाच्या दृष्टीने शुद्ध धर्माचरण होय, असा त्याचा आशय आहे. घरी येताना महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीने विचारले, ‘‘आधीच संकटात असलेल्या विधवांना झापायचे कशासाठी?’’ तिला दोष कसा द्यावा? वर्तमानपत्रांतून ‘विरोधकांचा खरपूस समाचार’ तेवढाच तिच्या कानी पडलेला. हा शब्द आता बदलावा काय?

उत्तर (सावंतवाडी) :
बदलू नये, असे माझे मत आहे. आजारी माणसाच्या किंवा मयत झालेल्या घरी आपण आजही ‘समाचाराक’ जातो, तेव्हा मूळ अर्थ कोकणात तरी जिवंत आहे. खरडपट्टीचा अर्थ उपरोधातून आला. पोलिसांनी केलेल्या ‘पाहुणचारा’सारखाच.

‘विचारपूस’ हा सुचणारा पर्याय मात्र फार पातळ आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘एपिस्केप्टेस्थाइ’ याचा अर्थ भेटीला जाणे एवढाच नसून जातीने लक्ष घालणे, काळजी वाहणे असा आहे. त्याच कुळातील ‘एपिस्कोपोस’, म्हणजे देखरेख करणारा, या शब्दापासून ‘बिशप’ आला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25 व्या अध्यायात आजाऱ्याच्या भेटीविषयी हेच क्रियापद आहे. याउलट मार्काच्या 12 व्या अध्यायात लांबलचक प्रार्थनांचा देखावा करून विधवांची घरे गिळणारे शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे शिक्षक, येतात. अशांना मराठी बायबल मत्तयाच्या 23 व्या अध्यायात ‘ढोंगी’ म्हणते. तेथील ग्रीक ‘हुपोक्रितेस’ म्हणजे मुळात रंगमंचावरचा नट. परंतु ‘सोंगाडी’ हा शब्द तेथे चालला नसता, कारण आमच्या दशावतारात सोंग घेणाऱ्याला मान आहे आणि सोंग आहे हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

उत्तर (मालवण) :
वरील मताशी सहमत आहे. फक्त ‘काळजी वाहणे’ यात न्यायाचा भाग सुटतो, असे वाटते. आमच्या वाडीतील एका मासे विकणाऱ्या बाईचा नवरा वारला. महिन्याच्या मिस्सेपर्यंत (मृतासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेपर्यंत) माणसांची रीघ होती, आणि त्यांतल्याच काहींनी नंतर ती रविवारी देवळात (चर्चमध्ये) का दिसत नाही म्हणून तिचा दुसऱ्या अर्थाने समाचार घेतला. रविवार हा तिच्या बाजाराचा दिवस होता. दरम्यान दिराने सातबाऱ्यावर फक्त स्वतःचे नाव लावण्याची खटपट चालवली होती. शेजारचा एक निवृत्त शिक्षक, जो प्रार्थनेत कधी पुढच्या बाकावर बसला नाही, तिच्यासोबत तलाठ्याकडे चार वेळा गेला, वारसनोंदीचा अर्ज त्याने स्वतः लिहिला आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.

त्याच्याविषयी बोलताना ती एवढेच म्हणते : ‘‘तो माज्या समाचाराक इलो.’’ इतरांच्या येण्याला ती ‘येऊन गेले’ म्हणते. शब्दकोशात हा तिसरा अर्थ नोंदवायचा झाल्यास मी ‘कैवार घेणे’ असे लिहीन.

प्रश्नकर्ती (वेंगुर्ले) :
आभारी आहे. वचन आहे तसेच राहू द्यावे; भाचीला मालवणचे उत्तर वाचून दाखवते.