पोरींच्या हाती पावतीपुस्तक कशाला?

तापीकाठ
परवा इथंच एका दादांनी लिहिलं होतं. आपल्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघाला पुण्याकडच्या निमंत्रित स्पर्धेला जायचंय, पैसे कमी पडताहेत, तर दोघी-दोघींच्या हातात पावतीपुस्तक देऊन त्यांना बाजारात सोडा. "चार दारं ठोठावली की लाज जाते, व्यवहार कळतो. ज्यांना खटकतं त्यांनी पोरी कापसात गुंडाळून ठेवाव्या," हे शेवटचं वाक्य. त्याला पन्नासेक अंगठे. दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

दादा, माझी मुलगी त्या संघात आहे. ती कापसात गुंडाळलेली नाही, तिनं कापूस वेचलाय. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जाते ती फराळ खायला नाही, मामाच्या शेतात वेचणीला. लाज घालवायला तिला बाजारात धाडायची गरज नव्हती.

तरी धाडलं, कारण सगळ्याजणी गेल्या. एका दुकानात "आधी खेळून दाखवा" म्हणून गिऱ्हाइकांसमोर दोघींना उकिडवं बसवलं. एकीनं दुसरीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हटलं, लोक हसले, अकरा रुपये मिळाले. दुसऱ्या दुकानात चहा होईपर्यंत पाऊण तास उभं ठेवलं. तिसऱ्या ठिकाणी काय झालं ते मुलगी सांगत नाही. मी विचारायचं सोडलंय, पण ती आता त्या गल्लीतून जात नाही, मागून वळसा घालून शाळेत जाते.

आता हिशेब. बारा मुली, सर आणि सोबतीला एक बाई. प्रवास, तीन दिवसांचं जेवण, बूट, गुडघ्याचे पट्टे, प्रवेश फी धरून अंदाज ३८ हजारांचा. १४ हजार पालकांनी आधीच दिले, राहिले २४. बारा पोरींनी तीन दिवस बाजार पालथा घातला आणि आणले २,६४०. पोरींना पुढे का करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाला "उद्या या" म्हणता येतं, पोरीला म्हणवत नाही. हा भिडेचा पैसा आहे. तो मागायची लाज मोठ्यांना वाटली म्हणून लहानांच्या हातात पुस्तक दिलं, एवढंच.

केळीवाला
ते दादा म्हणजे मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं ताई. तुमच्या मुलीच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. पण एका दुकानदारावरून सगळं गाव वाईट ठरवू नका.

आम्ही सातवीत असताना व्हॉलीबॉलच्या जाळ्यासाठी गावभर फिरलो. रोकड होतीच कोणाकडे? लोकांनी दादर ज्वारी दिली, कोणी पायली, कोणी अर्धी. पोतं डोक्यावर घेऊन आम्हीच मोंढ्यात नेलं, विकलं, जाळं आणलं. ते जाळं फाटेपर्यंत गावात एकानंही त्याला हात लावला नाही, कारण त्यात सगळ्यांची दादर होती. आजच्या पोरांना सगळं बापाच्या मोबाइलवरून पाहिजे. आणि खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेले ते कशावर? वर्गणीवरच ना?

जुना अमळनेरी
खाशाबांचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. १९५२ साली ते सव्वीस वर्षांचे गडी होते, बारा वर्षांची पोर नव्हते. मोठी रक्कम आली ती राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांकडून. त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. कांस्यपदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते फेडले. म्हणजे वडीलधाऱ्यानं घर गहाण टाकलं आणि पैलवानानं आपल्या खेळावर कर्ज फेडलं. आपल्याकडे कोण घर गहाण टाकतंय? ते जाऊ द्या, मंगळवारच्या बाजाराच्या दिवशी कोण दुकान दोन तास बंद ठेवून पोरींसोबत फिरतंय?

मेनरोड दुकानदार
दुकानदाराला झोडपून झालं असेल तर त्याचंही ऐका. माझ्या गल्ल्याखाली पावत्यांचा गठ्ठा आहे. कानबाई, गणपती, दुर्गादेवी, सप्ताह, भंडारा, पाच जयंत्या, दोन मिरवणुका, झालंच तर कोणाच्या तरी वाढदिवसाचं रक्तदान. गणपतीत मंडळं माझ्या दुकानासमोर मांडव घालतात, दहा दिवस गिऱ्हाईक आत येत नाही, आणि त्याच मांडवाची वर्गणी मीच भरायची. कमी दिली तर "शेठ, बरं नाही दिसत." केळीचे भाव पडले की शेतकरी उधारीवर येतो, तेव्हा कोणी पावती फाडत नाही माझ्या नावानं.

पोरी आल्या तेव्हा ५१ दिले. मनापासून दिले का? नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पोरींऐवजी सर आले असते तर मी विचारलं असतं, कुठली स्पर्धा, किती खर्च, मागच्या वर्षीचा हिशेब कुठाय. आणि पटलं असतं तर हजार दिले असते. पोरीला हिशेब कसा विचारू?

एमएच १८
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. खो-खोला दोन खांब आणि एक मैदान लागतं. ३८ हजार कशाला? पोरींना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. जळगावहून रात्रीच्या गाडीत बसवा, सकाळी पुणं. बूट काय करायचे, आमची पिढी अनवाणी खेळली.

तापीकाठ
तुमची पिढी मातीवर खेळली, भाऊ. आता स्पर्धा मॅटवर होतात. अनवाणी पायानं मॅटवर सूर मारून बघा एकदा, मग बोलू. आणि रात्रभर बसून गेलेली पोर सकाळी नऊला पहिला सामना खेळणार? महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळहून थेट आहे, आडवं तरी होता येतं. संघातल्या दोघी अजून बाराच्या आत आहेत, पण बर्थ हवा तर त्यांचंही तिकीट पूर्ण लागतं.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला, महिला संघाची कप्तान आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्या रात्री तुम्हीसुद्धा स्टेटस ठेवलं असेल. स्टेटसला पैसे लागत नाहीत.

हिशेबवाला
जरा कोरडं बोलतो, राग नको. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर विश्वस्त कायद्याच्या ४१-क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढतात, गणपती मंडळं काढतात तीच. आपलं क्रीडा मंडळ नोंदलेलंच नाही, म्हणजे देणगी देणाऱ्याला प्राप्तिकरात ८०-जीची सवलत नाही. नोंदलेलं असतं तरी रोख दोन हजारांवरच्या देणगीला ती मिळत नाही. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामांवरच्या खर्चाच्या यादीत आहे, पण त्यासाठी संस्था नोंदलेली लागते आणि २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो. गेली सहा वर्षं मी सांगतोय, मंडळ नोंदवा. दरवर्षी उत्तर एकच, स्पर्धा झाल्यावर बघू.

केळीवाला
भो, गाडी आहे सतरा दिवसांवर आणि तू आयुक्त काढू राहिला. नोंदवू ना पुढच्या वर्षी. आता काय करायचं ते सांग.

एमएच १९ वाला
सोपं आहे. जर्सीच्या पाठीवर भाऊंचा फोटो टाका, बूटसुद्धा तेच घेऊन देतील.

जुना अमळनेरी
आणि निवडणूक झाल्यावर ती जर्सी फरशी पुसायला वापरा. चांगली सुती घ्या म्हणजे झालं.

आसोद्याचा जावई
इतका वेळ सगळे भांडताहेत आणि उपाय नाकासमोर आहे. थंडी पडलीय, वांगी आलीत. शाळेच्या मागच्या मैदानात भरीत-पुरी ठेवा. दीडशेचं कूपन, दोनशे माणसं, तीस हजार आले. खर्च वजा जाता वीस तरी हातात. कपाशीच्या काड्यांवर आसोद्याची वांगी भाजायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे. लोक पैसे देतील आणि वर आशीर्वादही देतील.

बामणोद रोड
आसोद्याची? भरीत करायचं तर बामणोदची वांगी, नाहीतर करूच नका. आणि मिरची-लसणावर थांबलात, कांद्याची पात विसरलात का मुद्दाम सोडली?

आसोद्याचा जावई
मुद्दाम सोडली. पात घातली की वांग्याची चव कुठे राहते? ज्यांच्या वांग्याला चव नसते त्यांना पात लागते.

बामणोद रोड
जावई आहात, सासऱ्याची बाजू घ्यावी लागते, समजू शकतो. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी दोन क्विंटल वांगी भाजलीत, पात घालून. एकानं पान टाकलं नाही. पात नाही तर ते भरीत नाही, वांग्याचा लगदा आहे.

एमएच १८
पात पाहिजेच. आणि कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी पाहिजे, पुरी कशाला?

केळीवाला
दोनशे माणसांना कळण्याची भाकरी थापणार कोण? पुरीच ठेवा. वांगी मी देतो, दोन पोती, फुकट. कुठली ते विचारायचं नाही.

भुसावळची सून
थापणार कोण म्हणे! पुऱ्या लाटणार कोण, तळणार कोण, वांगी सोलणार कोण, हे विचारलं का कोणी? गेल्या साली मुलांच्या क्रिकेट टीमसाठी हेच केलं होतं. आम्ही नऊ बायका दुपारी दोनपासून सोलत होतो. बोटांची सालं वांग्याच्या सालांसोबत गेली. रात्री स्टेजवर शाल-श्रीफळ कोणाला? ज्यांनी माइकवर "सहकार्य" असा शब्द चारदा उच्चारला त्यांना. आम्ही तेव्हा मागे परात घासत होतो. पैसे जमले तेवीस हजार, त्यात मुलांच्या दोन बॅटी, पॅड आणि हेल्मेट आले. त्याच साली मुलींचा खो-खो संघ दुसऱ्या शाळेचे बूट मागून खेळला. दोघींना मोठे होत होते, आत कापड कोंबलं. त्यांच्यासाठी भरीत कोणाला आठवलं नाही. आता पोरींच्या नावानं आठवलं, तर राबायच्या पुन्हा आम्हीच. पात घाला नाहीतर घालू नका, मला घेणं नाही.

बामणोद रोड
ताई, स्वयंपाक म्हटला की बायका करणारच, त्यात भेदभाव कसला? उगाच वळण देऊ नका.

भुसावळची सून
तुमच्या घरच्या लग्नात दोन क्विंटल वांगी भाजली म्हणालात. भाजली कोणी, सोलली कोणी? फोटो असेल ना, टाका.

मेनरोड दुकानदार
फोटो येणार नाही ताई. फोटोत सगळे पुरुष पंगतीत बसलेले असतील.

बामणोद रोड
भाजायला पुरुषच होते. काड्या पेटवायला, वांगी फिरवायला. ठेचायलाही. सोलायला बायका होत्या, मान्य. झालं समाधान?

तापीकाठ
झालं नाही, पण लिहून ठेवते. तेवीस हजारांचं मला माहीत नव्हतं, माझा मुलगा त्या क्रिकेट टीममध्ये होता आणि मी त्या भरिताला पैसे देऊन जेवून आले. तेव्हा नाही विचारलं पोरींच्या बुटांचं. हे माझंच चुकलं.

पण मुद्दा सोडू नका. भरीत करायचं तर पुरुषांनी सोलायचं. संघातल्या बारा मुलींचे बाप, काका, मामा मिळून तीस हात होतात. पुऱ्या आचाऱ्याकडून विकत. आणि कूपन पोरींच्या हातात द्यायचं नाही, एकही नाही.

केळीवाला
वांगी सोलायची म्हणजे हात भाजतात हो, गरम असतानाच सोलावी लागतात.

भुसावळची सून
हो का? आम्हाला माहीतच नव्हतं.

केळीवाला
बरं बरं. सोलतो. पावतीपुस्तकं पोरींकडून परत घेतो, उद्या सरांकडे जमा करतो. माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही, आमच्या दादरीच्या वेळेस आम्हाला कोणी उकिडवं बसवलं नव्हतं, म्हणून मला ते सुचलं नाही, इतकंच. कूपन घेऊन मी फिरतो मेनरोडनं. जे इथं हजार-हजार बोलले ते दुकानात सापडले पाहिजेत, "शेठ जेवायला गेलेत" ऐकून घेणार नाही.

मेनरोड दुकानदार
सापडेन. पण मागच्या क्रिकेटवाल्या तेवीस हजारांचा हिशेब सोबत आणा, कागदावर. मग हजार.

हिशेबवाला
कूपनांना क्रमांक टाका. स्थळप्रत फाडून फेकू नका. आणि मंडळाच्या नोंदणीचा अर्ज मी आणून ठेवलाय, सह्यांना सात माणसं लागतील.

एमएच १८
धुळ्याहून दोन कूपनं माझी. बुटांचे पैसे मी वेगळे देतो, एका पोरीचे. अनवाणीचं बोललो ते बोललो.

आसोद्याचा जावई
चार कूपनं माझी. पण पात घालणार असाल तर आधीच सांगा.

बामणोद रोड
घालणार.

आसोद्याचा जावई
मग दोन.