चोरीला गेलेली सायकल विक्रीला दिसली, तर स्वतः जाऊन आणावी का?

पायडलमार
घराच्या आवारातून रात्री दोन सायकली गेल्या. एक माझी, एक मुलीची. फाटक बंद होतं आणि दोन्ही सायकली केबल-लॉकने एकमेकींना बांधलेल्या होत्या. सकाळी तिथं फक्त कापलेली केबल. पोलिसांत तक्रार दिली, पोच घेतली, "काही कळलं तर सांगू" असं ऐकून घरी आलो.

आता मुलीची सायकल जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारात विक्रीला लागलीय. सीट बदललंय, फ्रेमवरची स्टिकरं खरवडलीत. पण डाव्या मुठीला मुलीने गुंडाळलेली जांभळी टेप तशीच आहे आणि मागच्या मडगार्डचा तुटका कोपराही.

माझं मत सरळ आहे. गिऱ्हाईक बनून जावं, सायकल ताब्यात घ्यावी, घरी यावं. माझीच वस्तू मी आणली तर ती चोरी कशी? पोलिसांची वाट बघत बसलो तर उद्या जाहिरात गायब. घरात मात्र सगळे विरोधात आहेत. मतं सांगा, "नवीन घ्या" हे सोडून.

भरधाव
जा, बिनधास्त जा. सोबत दोन मित्र न्या, त्यांना थोडं लांब उभं करा. "एक चक्कर मारून बघतो" म्हणायचं आणि चक्कर थेट घरापर्यंत. विकणारा काय पोलिसांत जाणार आहे? काय सांगेल, मी चोरलेली सायकल चोरीला गेली म्हणून?

रात्रपाळी
भरधाव, तो पोलिसांत जाऊही शकतो, कारण तो चोर असेलच असं नाही. चोरीची सायकल ज्याने उचलली त्याच्याकडे फार दिवस राहत नाही. एक-दोन हात बदलून ती अशा माणसाकडे येते ज्याने स्वतःचे पैसे मोजलेले असतात. आता समजा चक्कर मारायच्या निमित्ताने तुम्ही घर गाठलं आणि निवांत बघितल्यावर कळलं की टेप तीच पण सायकल दुसरीच. मग चोर कोण? आणि समोरचा खराच चोर निघाला तर तो केबल कापायचं हत्यार घेऊन रात्री लोकांच्या आवारात शिरणारा माणूस आहे, हेही लक्षात असू द्या.

पायडलमार, मला एकच विचारायचंय. फ्रेम नंबर आहे का तुमच्याकडे?

पायडलमार
माझ्या सायकलचा आहे, वॉरंटी कार्डावर. मुलीच्या बिलावर फक्त मॉडेलचं नाव आणि चाकाचा आकार. पण नंबर नाही म्हणून सायकल तिची नाही असं होतं का? ती अंधारात हात लावून ओळखेल.

सावकाशराव
+१ पायडलमार यांना. सगळं जग कागद मागतं आणि चोराला कोणी कागद विचारत नाही.

रात्रपाळी
ती ओळखेल यात शंकाच नाही. प्रश्न तिसऱ्या माणसाला पटण्याचा आहे. त्याच रंगाच्या, त्याच मापाच्या सायकली कारखान्यातून ढिगाने निघतात.

२००८ मध्ये टोरांटोत इगोर केंक नावाचा जुन्या सायकलींचा दुकानदार पकडला गेला. दुकान आणि त्याने भाड्याने घेतलेली गॅरेजं मिळून अडीच हजारांहून जास्त सायकली निघाल्या. पोलिसांनी त्या लोकांना बघायला ठेवल्या, लोक रांगा लावून आले. तरी बहुतेक सायकली मालकाविनाच राहिल्या. चोर सापडला, माल सापडला, आणि तरीही "ही माझी" हे दाखवता येत नसेल तर काय उपयोग? तुमच्यापुढे आत्ता हाच पेच आहे. तिथं कोणी जायचं हा नंतरचा प्रश्न.

नंबर बहुतेक सायकलींवर खालच्या बाजूला, पायडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्या बुडाशी ठोकलेला असतो. काही सायकलींवर तो सीटच्या किंवा हँडलच्या नळीवर असतो. ज्या दुकानातून घेतली त्यांच्या रजिस्टरमध्ये, सर्व्हिसिंगच्या पावतीवर, खोक्यावरच्या स्टिकरवर, कंपनीकडे वॉरंटीसाठी केलेल्या नोंदणीत, सगळीकडे शोधा. पंक्चर काढताना सायकल उलटी ठेवलेला एखादा फोटो फोनमध्ये असेल तर त्यातही नंबर दिसू शकतो.

भरधाव
हे सगळं शोधेपर्यंत सायकल तिसऱ्या गावाला पोचलेली असेल. नंबर, नोंदणी, शिक्के... जपानमध्ये १९९४ पासून सायकलची नोंदणी कायद्यानेच सक्तीची आहे. म्हणून तिथं चोऱ्या थांबल्या का?

रात्रपाळी
नोंदणीने चोरी थांबते असं मी कुठं म्हटलं? सापडलेली सायकल नेमकी कोणाची हे तिच्यावरून ठरतं. डेन्मार्कमध्ये १९४२ पासून विकल्या जाणाऱ्या सायकलींवर फ्रेम नंबर बंधनकारक आहे. फ्रान्सने २०२१ पासून दुकानातल्या नव्या सायकलींवर ओळखचिन्ह सक्तीचं केलं आणि ते मालकाच्या नावाशी जोडून राष्ट्रीय यादीत टाकलं. हे देश काय हौसेने करतात?

जुनी_चेन
मी पलीकडच्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. मी अशी एक सायकल विकत घेतली होती. भाव बरा वाटला, विकणारा सभ्य होता, मला कसलीच शंका आली नाही. मग एक दिवस मूळ मालक चार जणांना घेऊन दारात. आरडाओरडा, शेजारी गोळा. माझी सासू घरात एकटी होती. ती आजही बेल वाजली की आधी खिडकीतून बघते. सायकल मी शेवटी पोलिसांसमोर दिली, पैसे बुडाले ते बुडाले.

पायडलमारभाऊ, "माझीच वस्तू" हे वाक्य वाटतं तेवढं सोपं नाही. इंग्लंडमध्ये चोराकडून घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, मूळ मालक वस्तू परत मागू शकतो. इटलीत उलटं आहे, प्रामाणिकपणे आणि रीतसर व्यवहार करून घेणारा मालक होऊ शकतो, माल चोरीचा असला तरी. नेदरलँड्समध्ये नेहमीच्या दुकानातून प्रामाणिकपणे घेतलेल्या सामान्य गिऱ्हाइकाला संरक्षण आहे. चक्कर मारायला निघालेला माणूस हे सगळं जागेवर ठरवणार का?

भरधाव
जुनी_चेन, वाईट वाटलं ऐकून. पण निम्म्या भावात मिळते तेव्हा घेणाऱ्यानेही नंबर विचारायला हवा की नको? बिल नाही, नंबर खरवडलेला, तरी लोक घेतात, म्हणून तर हा बाजार चालतो.

जुनी_चेन
निम्म्या भावात नव्हती. आणि नंबर खरवडलेलाही नव्हता. न वाचता आरोप करू नका.

टिकटिक
एवढी चर्चा झाली, ट्रॅकरचं कोणीच बोललं नाही? नव्या सायकलीत एअरटॅग लपवा. सीटखाली, बाटलीच्या स्टँडखाली, बेलमध्ये, हवं तिथे. फोनवर थेट पत्ता दिसतो.

घाटरस्ता
टिकटिक, अर्धंच सांगितलंत. एअरटॅग २०२१ मध्ये आला तो हरवलेल्या किल्ल्या आणि बॅगांसाठी. कोणी दुसऱ्याचा पाठलाग करू नये म्हणून तो अनोळखी माणसासोबत फिरू लागला की त्याच्या फोनवर सूचना जाते, आणि मालकापासून लांब गेल्यावर काही तासांनी टॅग स्वतःच आवाज करतो. सुरुवातीला आवाजासाठी तीन दिवसांचा अवधी होता, तो त्याच वर्षी ८ ते २४ तासांवर आणला. आता अँड्रॉइड फोनलाही इशारा मिळतो. म्हणजे चोराला कळतंच. तुमच्या हातात पहिले काही तास.

आणि पत्ता दिसला तरी पायडलमार यांचाच प्रश्न उरतो. कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? मोठ्या इमारतीत तर ठिपका बघून मजलाही कळत नाही.

सावकाशराव
मजला शोधता शोधता स्वतःच चोर ठरायचो.

कोरा_कागद
माझं मत कोणाला आवडणार नाही. विमा असेल तर दावा करा आणि विषय सोडा. रात्र रात्र जाहिराती चाळत बसणं हे सायकलीपेक्षा महाग पडतं.

मात्र विम्याच्या अटी आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींना पोलिस तक्रारीचा क्रमांक लागतो, ठरावीक दर्जाचं कुलूप लागतं आणि सायकल जमिनीत किंवा भिंतीत पक्क्या वस्तूला बांधलेली असावी लागते. दोन सायकली एकमेकींना बांधणं यात सहसा बसत नाही. पैसे मिळाल्यावर सायकल सापडली तर ती साधारणपणे विमा कंपनीची होते, तेव्हा आधी दावा आणि मग गुपचूप जाऊन आणली, असं करू नका.

पायडलमार
विमा नाही. आणि मुलीला तीच सायकल हवीय, त्याला विमा काय करणार.

माजी_खाकी
नोकरीत होतो म्हणून थोडं त्या बाजूचं. आम्ही सायकलचोरीकडे लक्ष देत नाही ही तक्रार बऱ्याच वेळा खरी असते, नाकारत नाही. लाल रंगाची, गिअरवाली सायकल चोरीला गेली एवढ्याच वर्णनावर तपास करणारा करणार काय? पण जाहिरातीचा पत्ता, विकणाऱ्याचं खातं आणि चॅट समोर ठेवलं तर प्रकरण वेगळं होतं. त्या बाजाराकडून खात्याची माहिती मागवायचा अधिकार पोलिसांना असतो, तुम्हाला नसतो.

आज रात्री एवढं करा. जाहिरातीचे सगळे फोटो, किंमत, तारीख आणि लिंक जपून ठेवा. विकणाऱ्याला "ही माझी आहे" असा मेसेज चुकूनही पाठवू नका, तो लगेच जाहिरात उडवेल. फार तर साधं गिऱ्हाईक म्हणून खालच्या बाजूचा फोटो मागा. टेप आणि मडगार्ड दिसेल असा मुलीचा जुना फोटो शोधा. हे घेऊन ठाण्यात जा, तक्रारीला पुरवणी जबाब जोडा आणि भेट ठरवायची असेल तर ती त्यांना ठरवू द्या.

भरधाव, मारामारी झाली तर केस सायकलची राहत नाही, मारामारीची होते.

भरधाव
साहेब, ठाण्यातल्या माणसाला वेळ नसला तर?

माजी_खाकी
तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, वरिष्ठांकडे जायचं, लेखी द्यायचं. तरीही नाही ऐकलं तर मला राग येईल, पण तुम्हाला एकटं जायला मी सांगणार नाही.

घाटरस्ता
एक इशारा. ज्या घरात चोरी झाली तिथे पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, घरफोडीच्या अभ्यासांत हे अनेक देशांत दिसलंय. चोराला वाट माहीत झालेली असते आणि नवी वस्तू येणार हेही. तेव्हा केबल फेकून द्या. जाड यू-लॉक घ्या आणि भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये पक्की कडी बसवा. सायकलचं अ‍ॅप वापरत असाल तर घराभोवतीचा भाग नकाशावर लपवा, नाहीतर रोजची रपेट तुमच्या फाटकापाशी सुरू होते हे कोणालाही दिसतं.

सावकाशराव
कडी बसवली की चोर शेजाऱ्याकडे जाणार, एवढंच. न्यूकॅसल विद्यापीठात सायकल स्टँडवर रोखलेल्या डोळ्यांचं चित्र आणि "तुमच्यावर लक्ष आहे" अशी पाटी लावून बघितली होती. पाट्या होत्या तिथं चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या, नव्हत्या तिथं ६५ टक्क्यांनी वाढल्या.

घाटरस्ता
शेजाऱ्यालाही कडी बसवायला सांगा की.

पायडलमार
दुकानदाराच्या वहीत नंबर सापडला. खरेदीच्या तारखेवरून त्याने पान शोधून काढलं. विकणाऱ्याकडे खालच्या बाजूचा फोटो मागितलाय, अजून उत्तर नाही. नंबर जुळला तर ठाण्यात जाईन. पण तिथून टाळाटाळ झाली तर माझं पहिलं मत कायम आहे, हे घरातल्यांनाही सांगितलंय.

भरधाव
मी येतो सोबत.

जुनी_चेन
भरधाव, तुम्ही नकाच जाऊ.

टिकटिक
आणि तुमच्या स्वतःच्या सायकलचं काय? तिचा नंबर तर पहिल्यापासून आहे.

माजी_खाकी
तिचा नंबर तक्रारीत आहे ना, ते तपासा. गिअरवाली महागडी सायकल असेल तर अख्खी विक्रीला येईलच असं नाही. चाकं, डिरेलर, ब्रेक सुटे विकले जातात आणि त्यांच्यावर फ्रेमचा नंबर नसतो. सुट्या भागांच्या जाहिरातीही बघत राहा, विशेषतः चाकांच्या जोडीच्या.